अमेरिकेतील कालबाह्य कायदे

वापरातून गेलेले किंवा न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलेले, पण विधिमंडळाने रद्द न केल्यामुळे संहितेत वर्षानुवर्षे छापले जाणारे कायदे. अमेरिकेत संघराज्याची संहिता वेगळी, पन्नास राज्यांच्या संहिता वेगळ्या, शिवाय काउंटी आणि नगरांचे स्वतःचे नियम. त्यामुळे अशा कायद्यांना साचायला जागा भरपूर. त्यांच्याकडे बहुतेक वेळा गंमत म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात काही कायदे नुसते विनोदी असतात, काही पूर्ण निर्जीव, तर काही फक्त झोपलेले. कोणता कायदा यांपैकी कशात मोडतो हे त्याच्या मजकुरावरून कळत नाही. त्यासाठी राज्यघटना आणि तिच्यावरचे निकाल पाहावे लागतात.

अफवा आणि अस्सल

विचित्र कायद्यांच्या याद्यांतील पुष्कळ नोंदींमागे कायदाच नसतो. कनेक्टिकटमध्ये उसळी न मारणारी काकडी लोणच्याची म्हणून विकता येत नाही, असे हमखास सांगितले जाते. १९४८ मध्ये तिथे खराब लोणचे विकणाऱ्या दोघांना अटक झाली होती. तेव्हा राज्याच्या अन्न व औषध आयुक्तांनी ‘चांगले लोणचे टाकले की उसळते’ अशी घरगुती परीक्षा सांगितली. बाकी कायदा वगैरे काही नाही. जॉर्जियातील गेन्सव्हिल या कुक्कुटव्यवसायाच्या गावी तळलेली कोंबडी हातानेच खावी असा नियम मात्र खराच आहे. तो १९६१ मध्ये गावाच्या जाहिरातीसाठी केला गेला. वॉशिंग्टन राज्यातील स्कमेनिया काउंटीने १ एप्रिल १९६९ रोजी ‘बिगफूट’ या काल्पनिक केसाळ प्राण्याच्या हत्येला १० हजार डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरवली. तारीख पाहून हसू येते. पण त्या प्राण्याच्या शोधात बंदुका घेऊन रानात शिरणाऱ्यांची खरी काळजी त्यामागे होती.

काही कायदे हास्यास्पद वाटले तरी वैध आहेत, कारण त्यांनी कुणाच्या घटनात्मक हक्काला धक्का लागत नाही. विस्कॉन्सिन हे दूधदुभत्याचे राज्य. तिथे १८९५ ते १९६७ या काळात लोण्यासारख्या पिवळ्या रंगाचे मार्गारीन विकायलाच बंदी होती. बंदी उठली, तरी ग्राहकाने मागितल्याशिवाय खानावळीत लोण्याऐवजी असे मार्गारीन वाढू नये हा नियम उरला. पहिल्या गुन्ह्याला १०० ते ५०० डॉलर दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. केंटकीत १८९१ च्या राज्यघटनेप्रमाणे आमदार, अधिकारी आणि वकील यांना आजही ‘मी प्राणघातक शस्त्राने द्वंद्वयुद्ध केलेले नाही’ अशी शपथ घ्यावी लागते. शपथविधीला हशा पिकतो, पण शपथ चुकवता येत नाही.

घटना आली, कायदा राहिला

अमेरिकेच्या राज्यघटनेतील पहिल्या दहा दुरुस्त्या, म्हणजे हक्कांची सनद, सुरुवातीला फक्त संघराज्यावर बंधनकारक होती. बॅरन विरुद्ध बाल्टिमोर (१८३३) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्टच सांगितले. राज्ये धर्म, भाषण, विवाह यांवर हवे ते कायदे करू शकत होती. मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चसाठी सक्तीचा कर १८३३ पर्यंत चालू होता, आणि १८३८ मध्ये एका संपादकाला तिथे ईश्वरनिंदेबद्दल ६० दिवस तुरुंगात काढावे लागले. चौदावी दुरुस्ती १८६८ मध्ये आली, पण तिच्या आधारे सनदेतील हक्क राज्यांवर एकेक करून लागू व्हायला विसाव्या शतकाचा मोठा भाग गेला. म्हणून आज घटनाबाह्य दिसणारे कितीतरी कायदे ते केले त्या दिवशी पूर्ण वैध होते. मॅसॅच्युसेट्सचे ईश्वरनिंदेचे कलम संहितेत अजून आहे: एक वर्षापर्यंत कैद किंवा ३०० डॉलरपर्यंत दंड.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. न्यायालय कायदा ‘खोडत’ नाही. संघीय न्यायालयाला प्रत्यक्ष वादाचाच निवाडा करता येतो. त्या वादात ते कायदा लागू करायला नकार देते आणि अधिकाऱ्यांना त्याच्या अंमलबजावणीपासून मनाई करते. मजकूर काढून टाकणे हे विधिमंडळाचे काम, आणि राज्यघटनेतील कलम असेल तर बहुतेक राज्यांत मतदारांचे. समलिंगी संबंधांवरील बंदी लॉरेन्स विरुद्ध टेक्सास (२००३) या निकालाने निष्प्रभ झाली, पण टेक्सासच्या दंडसंहितेतील कलम २१.०६ तिथेच आहे. सार्वजनिक पदासाठी ईश्वरावर श्रद्धा हवी ही अट मेरीलँडमधील एका नोटरीच्या खटल्यात १९६१ मध्ये रद्दबातल ठरली. तरी मेरीलँडसह टेक्सास, टेनेसी, मिसिसिपी, आर्कान्सा आणि दोन्ही कॅरोलायना यांच्या राज्यघटनांत ती अट वाचायला मिळते.

निर्जीव कायद्याचा उपद्रव

छापलेले कलम पोलिसाच्या हातातील पुस्तकात असते, आणि निकाल त्या पुस्तकात असतोच असे नाही. लुइझियानात ईस्ट बॅटन रूज येथील शेरीफच्या कार्यालयाने २०१३ पर्यंत, म्हणजे लॉरेन्स निकालानंतर दहा वर्षे, पुरुषांना जाळ्यात ओढून समलिंगी संबंधांवरील बंदीच्या अशाच कलमाखाली पकडले. सरकारी वकिलाने खटले भरायला नकार दिला. अटक मात्र होऊन गेली होती. न्यूयॉर्क शहरात भीक मागणे आणि रेंगाळणे यांविषयीची कलमे १९८३ ते १९९३ दरम्यान न्यायालयांनी रद्द ठरवली, पण पोलीस ती लावतच राहिले. शेवटी २०१० मध्ये संघीय न्यायाधीशांनी शहराला न्यायालयाच्या अवमानाबद्दल जबाबदार धरले, आणि २०१२ मध्ये दीड कोटी डॉलरची तडजोड झाली. अशी कलमे वकील न परवडणाऱ्यांवरच पडतात, हा योगायोग नव्हे.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. पालघरच्या दोन तरुणींना २०१२ मध्ये फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली; त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ २०१५ मध्ये रद्द ठरले. त्याखालचे गुन्हे पुढेही नोंदवले जात होते, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश काढावा लागला.

वापरात नसलेल्या कायद्याचा दुसरा त्रास असा की त्याला आव्हान देता येत नाही. कनेक्टिकटमध्ये गर्भनिरोधक वापरणे १८७९ पासून गुन्हा होता. या कायद्याविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये फेटाळली: कुणावर खटलाच भरला जात नाही, तर वाद कसला? पण त्या कायद्याच्या धाकानेच राज्यात गर्भनिरोधनाचे दवाखाने बंद होते. मग एस्टेल ग्रिसवोल्ड आणि डॉ. ली बक्स्टन यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यू हेवनला उघडपणे दवाखाना सुरू केला, अटक ओढवून घेतली आणि त्यांना प्रत्येकी १०० डॉलर दंड झाला. त्या १०० डॉलरांवर १९६५ चा ग्रिसवोल्ड विरुद्ध कनेक्टिकट हा निकाल उभा आहे. सात विरुद्ध दोन अशा मतांनी कायदा पडला आणि खासगीपणाच्या हक्काला घटनात्मक आधार मिळाला.

झोपलेले कायदे जागे होतात तेव्हा

निकाल हा अडथळा आहे, खोडरबर नव्हे. निकाल उलटला की खालचा कायदा जसाच्या तसा वर येतो. ॲरिझोनातील गर्भपातबंदी १८६४ ची, म्हणजे ॲरिझोना राज्य होण्याच्या ४८ वर्षे आधीची. त्या प्रदेशाच्या पहिल्या संहितेतली. अपवाद फक्त मातेचा जीव वाचवण्यापुरता, शिक्षा दोन ते पाच वर्षे. गर्भपाताचा हक्क मान्य करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या रो निकालाने ती थांबली. डॉब्स निकालाने २४ जून २०२२ रोजी रो रद्द केला, आणि ९ एप्रिल २०२४ रोजी ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाने जुनी बंदी लागू करता येते असे ठरवले. विधिमंडळाने घाईने ती रद्द केली; राज्यपालांनी २ मे रोजी सही केली. मिशिगनने १९३१ ची बंदी २०२३ मध्येच काढली होती. विस्कॉन्सिनमध्ये १८४९ च्या कायद्याचे भिजत घोंगडे जुलै २०२५ पर्यंत राहिले. नंतरच्या कायद्यांनी तो गर्भित रीतीने रद्द झाला, असा चार विरुद्ध तीन मतांचा निकाल तेव्हा आला.

विसरलेला कायदा जाचकच असतो असेही नाही. राजधानी वॉशिंग्टन शहरात १८७२ आणि १८७३ मध्ये कृष्णवर्णीयांना खानावळीत सेवा नाकारण्यावर बंदी घातली होती. पुढे ते कायदे संहितेच्या नव्या आवृत्त्यांतून गळाले, पण रद्द कुणी केले नव्हते. १९५० मध्ये ऐंशी ओलांडलेल्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्या मेरी चर्च टेरेल काही सहकाऱ्यांसह एका खानावळीत गेल्या, नकार घेतला आणि ते कायदे उकरून काढले. ८ जून १९५३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अंमलबजावणी न केल्याने कायदा रद्द होत नाही. राजधानीतील खानावळी त्या ‘हरवलेल्या’ कायद्यांमुळे खुल्या झाल्या.

‘दीर्घ अनुपयोगाने कायदा संपतो’ हे रोमन परंपरेतले तत्त्व अमेरिकेत म्हणूनच फारसे चालत नाही. वेस्ट व्हर्जिनिया हा ठळक अपवाद. तिथल्या न्यायालयाने १९९२ मध्ये तीन कसोट्या घातल्या: कृत्य मुळात अनैतिक नसून केवळ कायद्याने निषिद्ध असावे, ते दीर्घकाळ उघडपणे सर्रास चालत असावे, आणि कारवाई न करण्याचे धोरणही ठळक असावे. भारतात हे तत्त्व पुणे महानगरपालिका विरुद्ध भारत फोर्ज या जकातीच्या वादात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले.

भारतीयांवर पडलेली सावली

कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या जमीन कायद्याने ‘नागरिकत्वास अपात्र’ परकीयांना शेतजमीन घेता येत नव्हती. रोख जपान्यांवर होता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात भारतीय ‘श्वेत’ नाहीत, म्हणून नागरिकत्वास अपात्र, असा निकाल लागला आणि भारतीय शेतकरीही त्यात सापडले. सरकारने आधी दिलेली नागरिकत्वेही काढायला सुरुवात केली. लॉस एंजेलिसमधील वकील सखाराम गणेश पंडित यांना १९१४ मध्ये नागरिकत्व मिळाले होते; त्यांनी स्वतःचा खटला लढवला आणि १९२६ मध्ये अपील न्यायालयात जिंकला. कॅलिफोर्नियाचा कायदा १९५२ मध्ये पडला आणि १९५६ मध्ये संहितेतून गेला. फ्लोरिडाच्या राज्यघटनेतले तसेच कलम २००८ च्या मतदानात टिकले. ते गेले २०१८ मध्ये.

रद्द का होत नाहीत

खर्च नाही, वेळ थोडा, तरी काम होत नाही. कारण व्यभिचाराचे कलम काढा म्हणणाऱ्या आमदाराला पुढच्या प्रचारात ‘व्यभिचाराचा कैवारी’ म्हणवून घ्यावे लागते. न्यूयॉर्कचे १९०७ चे असे कलम नोव्हेंबर २०२४ मध्ये निघाले. मतदारांकडे प्रश्न गेला की आणखी अनिश्चितता. आंतरवंशीय विवाहावरील बंदी १९६७ मध्ये लव्हिंग निकालाने संपली, पण अलाबामाच्या राज्यघटनेतून ती काढायला २००० साल उजाडले, आणि तेव्हाही सुमारे ४० टक्के मते विरोधात पडली. तिथल्याच वंशनिहाय शाळांचे कलम काढण्याचा प्रस्ताव २००४ मध्ये दोन हजारांहून कमी मतांनी हरला, २०१२ मध्ये पुन्हा हरला, आणि २०२२ मध्ये सगळी राज्यघटना नव्याने मांडताना ते गेले.

कायदा खरा आहे का, हे कसे तपासावे

आधी राज्य आणि कलम क्रमांक मागावा. तो मिळत नसेल तर गोष्ट ऐकीव समजावी. क्रमांक मिळाला तर विधिमंडळाच्या संकेतस्थळावरील चालू संहितेत तो शोधावा आणि कलमाच्या शेवटी असलेली इतिहासाची ओळ वाचावी: कधी केले, कधी सुधारले, कधी रद्द. यानंतर टिपांसह छापलेली संहिता पाहावी. साध्या प्रतीत निकालांचा उल्लेख बहुधा नसतो आणि सर्वाधिक चुका इथेच होतात. टीपसंहितेत कलमाखाली निकालांचे सार असते. निकाल सापडला तर तो कोणत्या न्यायालयाचा हे बघावे, कारण जिल्हा न्यायालयाचा निकाल इतर न्यायालयांवर बंधनकारक नसतो. निकाल पुढे उलटला नाही ना, हेही तपासावे. नगरांचे नियम राज्याच्या संहितेत मिळत नाहीत. त्यांच्यासाठी नगराची स्वतंत्र संहिता चाळावी, आणि तिच्यात सापडले नाही तर नगर लिपिकाकडे मूळ ठरावाची प्रत मागावी.