जपानमधील विद्यार्थीघट आणि विद्यापीठ-प्रवेश

जन्मदर घसरत गेल्याने जपानमधील विद्यापीठांच्या जागा रिकाम्या राहू लागल्या आणि त्यातून प्रवेशाची रीत व संस्थांची मालकी दोन्ही बदलू लागली. अठरा वर्षांची मुलेमुली १९९२ मध्ये सुमारे २०.५ लाख होती. २०२४ मध्ये ती १०.६ लाखांच्या आसपास उरली. विद्यापीठे मात्र याच काळात ५२३ वरून जवळपास ८०० झाली.

हे उलटे गणित बरीच वर्षे जाणवले नाही. १९९१ मध्ये विद्यापीठ-स्थापनेचे नियम सैल झाले, दोन वर्षांच्या अनेक महाविद्यालयांनी चार वर्षांचे अभ्यासक्रम सुरू केले आणि पदवीकडे वळणाऱ्यांचे प्रमाण पाव हिश्शावरून निम्म्याच्या वर गेले. मुले घटत होती, पण त्यांतली अधिकाधिक मुले विद्यापीठात येत होती. ही वाढ मंदावली तेव्हा तूट उघडी पडली. २०२४ मध्ये ५९ टक्के खासगी विद्यापीठांना पहिल्या वर्षाच्या जागा भरता आल्या नाहीत.

प्रवेशपरीक्षेचा धाक आता वरच्या थोड्या संस्थांपुरता राहिला आहे. इतरत्र शाळेची शिफारस, मुलाखत, निबंध यांवर प्रवेश मिळतो. केइओ विद्यापीठाने १९९० मध्ये अशी निवड सुरू केली ती वेगळ्या कुवतीची मुले हेरण्यासाठी. पुढे अनेक संस्थांनी ती वर्ग लवकर भरण्यासाठी वापरली. मूळ हेतू चांगला होता, म्हणून हा बदल अधिक खटकतो. आज निम्म्याहून अधिक विद्यार्थी लेखी परीक्षेच्या नेहमीच्या वाटेने येत नाहीत. नापास झाल्यावर वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा देणारे ‘रोनिन’ही कमी झाले. योयोगी सेमिनार या मोठ्या शिकवणी-संस्थेने २०१४ मध्ये २७ पैकी २० शाखा बंद करण्याचे ठरवले.

सर्वाधिक फटका लहान, ग्रामीण आणि महिला संस्थांना बसतो. टोकियोतील केइसेन महिला विद्यापीठाने २०२३ मध्ये जाहीर केले की, पुढील वर्षापासून नवे प्रवेश होणार नाहीत. मुली आता सहशिक्षणाची विद्यापीठे पसंत करतात, हेही यामागचे एक कारण आहे. राजधानीकडचा ओघ रोखण्यासाठी २०१८ च्या कायद्याने टोकियोच्या २३ प्रभागांतील जागा वाढवण्यावर तात्पुरती बंदी घातली. पण त्याने दूरच्या गावातले वर्ग आपोआप भरत नाहीत.

काही ठिकाणी स्थानिक प्रशासनानेच विद्यापीठ ताब्यात घेतले. कोची तंत्रज्ञान विद्यापीठ २००९ मध्ये सार्वजनिक झाले, नागानो प्रांतातील सुवा विज्ञान विद्यापीठ २०१८ मध्ये. शुल्क सार्वजनिक संस्थांच्या पातळीवर उतरते आणि अर्ज वाढतात. तरुण गावात टिकावेत हा नगरपालिकांचा हेतू रास्त आहे. तरीही शेजारच्या खासगी संस्थेच्या वाट्याची मुलेच इकडे वळत असतील, तर एकूण तूट तेवढीच राहते. २०२३ मध्ये जपानमध्ये ७.२७ लाख बालके जन्मली, आणि ती अठरा वर्षांची होईपर्यंत कोणती विद्यापीठे टिकवायची हे ठरवावे लागेल. तो निर्णय केवळ बाजारावर सोडला, तर सर्वांत आधी लहान शहरांतील संस्था जातील.