एअर-कूल्ड इंजिन कोणाच्या हाती द्यावे? जुन्या बीटलच्या मालकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

आपल्या घरची फोक्सवॅगन बीटल बहुधा वडिलांनी किंवा आजोबांनी हौसेने घेतलेली असते, आणि तिचे इंजिन उघडायची वेळ आली की खर्चाच्याही आधी एक प्रश्न उभा राहतो: हे काम विश्वासाने कोणाकडे द्यायचे? पुण्यातील आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये आम्ही ही इंजिने उतरवतो, तपासतो आणि जोडतो. मात्र क्रँकशाफ्ट ग्राइंड करणे, केसचे (म्हणजे क्रँककेसचे, इंजिनाच्या मुख्य कवचाचे) लाइन बोअरिंग करणे, हेडमध्ये व्हॉल्व्हच्या नव्या सीट आणि गाइड बसवणे ही कामे आम्हीही बाहेरच्या मशीन शॉपकडून करून घेतो. म्हणजे भरवशाचा कारागीर शोधण्याची जबाबदारी जशी आपल्यावर आहे तशीच ती आमच्यावरही आहे. आपण काम आमच्याकडे द्या किंवा अन्यत्र द्या, हे पत्रक उपयोगी पडावे अशा बेताने लिहिले आहे. यातला प्रत्येक प्रश्न आपण आम्हालाही जरूर विचारावा.

हे इंजिन वेगळे का

जर्मनीत बीटल सेदानचे उत्पादन १९७८ मध्ये थांबले, आणि मेक्सिकोतील प्वेब्लाच्या कारखान्यातून शेवटची गाडी ३० जुलै २००३ रोजी बाहेर पडली. तोवर २ कोटी १५ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या, त्यामुळे सुटे भाग आजही परदेशातून मागवता येतात. अडचण आहे ती जाणत्या हातांची. आपल्याकडचे बहुतेक मिस्त्री आणि बोअरिंगवाले अँबॅसडर, पद्मिनी, जीप आणि ट्रॅक्टरच्या इंजिनांवर घडले. त्या इंजिनांचा ब्लॉक बिडाचा, एकसंध आणि पाण्याने थंड होणारा असतो. बीटलची क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असून ती उभ्या रेषेत दोन फाळक्यांत उघडते. क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट या दोन फाळक्यांच्या मध्ये बसतात. बाहेरून पंखांची (हवेने गार होण्यासाठी पातळ कडा असलेली) चार सुटी बॅरल, म्हणजे सिलिंडर, आणि ॲल्युमिनियमची दोन हेडे लांब स्टडांनी आवळलेली असतात. मॅग्नेशियम तापल्यावर पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावते, म्हणून गरम इंजिनात मुख्य बेअरिंगांची पकड आपोआप थोडी सैल होते. हजारो किलोमीटर हे चालत राहिले की बेअरिंगची घरे ठोकून ठोकून लंबगोल होतात. इंजिन गार असताना सगळे ठीक दिसते, आणि घाट चढून गाडी सिग्नलला थांबली की तेलाचा दाब कमी झाल्याचा इशारा देणारा दिवा मिणमिणू लागतो.

ट्रॅक्टरचे काम अत्यंत चोख करणारा कारागीरही येथे चुकू शकतो. त्यात त्याच्या हाताचा दोष नसतो. त्याला या धातूची सवय नसते, एवढेच. म्हणून कारागीर किती वर्षे धंद्यात आहे, यापेक्षा त्याने मॅग्नेशियमच्या किती केस हाताळल्या आहेत, हे विचारणे अधिक उपयोगाचे ठरते.

मशीन शॉपमध्ये काय पाहावे

शक्य असल्यास एकदा स्वतः तेथे जाऊन या. आम्ही पहिल्या भेटीत मोठी यंत्रे पाहत नाही, मोजमापाची हत्यारे कुठे ठेवली आहेत ते पाहतो. मायक्रोमीटर लाकडी पेटीत फडक्यात गुंडाळून ठेवला आहे, मोजण्याआधी कारागीर त्याचे माप प्रमाण-दांड्याशी ताडून घेतो आहे, बोअर गेज (आतला व्यास मोजण्याचे साधन) एकाच जागी न लावता तीन ठिकाणी आणि दोन दिशांनी फिरवतो आहे आणि आकडे हाताशी असलेल्या वहीत लिहितो आहे, असे दृश्य दिसले तर तेथे बसून चहा घ्यायला हरकत नाही. ‘डोळ्यांनीच कळतं, साहेब’ असे उत्तर मिळाले, तर नम्रपणे निरोप घ्यावा.

१३०० ते १६०० सीसीच्या इंजिनांत केसमधील पहिल्या तीन मुख्य बेअरिंगांच्या घरांचा मूळ व्यास ६५ मिमी आणि चौथ्याचा ५० मिमी असतो. ही घरे मोजायची तर दोन्ही फाळके जोडून, सगळे बोल्ट ठरलेल्या टॉर्कने (पिळण्याच्या जोराने) आवळूनच मोजावी लागतात. उघड्या केसचे माप निरुपयोगी असते. घरे बिघडली असतील तर लाइन बोअरिंग करून ती एकाच रेषेत थोडी मोठी करतात आणि बाहेरून ओव्हरसाइज असलेली बेअरिंग बसवतात. यातील खरी परीक्षा क्रमाची आहे. आमचा विश्वास बसलेला एक कारागीर दर वेळी एकच वाक्य म्हणतो: ‘आधी बेअरिंग आणा, मग केसला हात लावतो.’ बेअरिंग हातात घेऊन, ते मोजून त्यानुसार बोअर करणारा माणूस केस वाचवतो. आधी बोअर करून मग बाजारात बेअरिंग शोधायला लावणारा ती वाया घालवू शकतो.

भोसरी आणि पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात, तसेच कोल्हापूरच्या फाउंड्री आणि मशीन शॉपच्या परिसरात, अशा कामाला पुरेशी अचूक यंत्रे निश्चित आहेत. मात्र ती बहुतेक हजारो नगांच्या कामात गुंतलेली असतात. एकच केस पकडायची म्हणजे तिच्यासाठी वेगळे फिक्स्चर (पकडून ठेवणारा साचा) बनवावे लागते आणि त्यात अर्धा दिवस जातो. त्या अर्ध्या दिवसाचे पैसे घेणारा कारागीर महाग वाटला तरी द्यावेत. फिक्स्चरशिवाय केस पट्ट्यांनी आवळून काम उरकणाऱ्याचे स्वस्त काम पुढे फार महाग पडते.

सुरक्षिततेबद्दल एक प्रश्न अवश्य विचारावा: मॅग्नेशियमचा कीस पेटला तर काय कराल? योग्य उत्तर कोरडी वाळू हे आहे. पाणी मारू असे कोणी म्हटले, तर त्याने हा धातू कधी कापलेला नाही हे उघड आहे, कारण जळत्या मॅग्नेशियमवर पाणी पडले की आग आणखी भडकते.

क्रँकशाफ्टचे काम तुलनेने परिचित आहे. तो ०.२५, ०.५० किंवा ०.७५ मिमी, म्हणजे वर्कशॉपच्या बोलीत १०, २० किंवा ३० थाऊ (इंचाचा हजारावा भाग) अंडरसाइज करतात. ग्राइंड करण्याआधी चुंबकीय तडातपासणी झाली आहे ना आणि जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) कोपऱ्यातील गोलाई कायम राखली आहे ना, एवढे विचारावे. कोपरा धारदार राहिला की तडा तेथूनच सुरू होतो.

बॅरल रिबोअर करण्याचा, म्हणजे आतून कापून मोठे करण्याचा, सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. आम्ही तो देत नाही. पिस्टन आणि बॅरल यांच्यात नव्याने ०.०४ ते ०.०६ मिमी एवढीच फट असते, आणि पंखांच्या सुट्या बॅरलची भिंत मुळातच बेताची असते. म्हणून १६०० सीसीच्या इंजिनात ८५.५ मिमीचा मूळ मापाचा नवा संच घालणे आम्हाला योग्य वाटते. केस न कापता बसणारे ८८ मिमीचे पातळ भिंतीचे संच आम्ही, ग्राहकाने आग्रह केला तरी, बसवत नाही, कारण ती बॅरल तापल्यावर आकार सोडतात.

आम्हाला आलेला एक अनुभव

काही वर्षांपूर्वी एका शॉपकडून केस इतकी लख्ख होऊन परत आली की ग्राहकाने तिचे फोटो काढले. ती काचेच्या बारीक मण्यांचा मारा करून साफ केलेली होती. केसमधील तेलाच्या वाहिन्या कारखान्यातच ॲल्युमिनियमच्या बुचांनी बंद केलेल्या असतात. आम्ही जोडणीपूर्वी ती बुचे ड्रिल करून काढतो, आटे पाडतो, वाहिन्या ब्रशने आतपर्यंत धुतो आणि मग स्क्रूची बुचे लावतो. त्या दिवशी पहिल्याच वाहिनीतून पांढऱ्या फडक्यावर साखरेसारखे चमकणारे कण पडले. केस चार वेळा धुतली, तेव्हा कुठे फडके कोरे निघाले. बुचे न काढता इंजिन जोडले असते, तर तेच कण तेलाबरोबर नव्या बेअरिंगांत गेले असते. तेव्हापासून आम्ही प्रत्येक शॉपला लेखी कळवतो की केसवर वाळू किंवा मणी मारू नयेत, आणि आपणही काम देताना हे सांगावे. बाहेरून चमकणाऱ्या केसपेक्षा आतून धुतलेली केस आपल्या कामाची आहे.

जोडणी करणाऱ्याची पारख

बीटलचे इंजिन गिअरबॉक्सला चारच बोल्टांनी जोडलेले असते आणि सराईत माणूस ते तासाभरात उतरवतो. त्यामुळे ‘बीटलची इंजिने मी पुष्कळ उतरवली आहेत’ हे वाक्य ऐकून समाधान मानू नये. जोडणाऱ्याला क्रँकशाफ्टच्या एंड प्लेबद्दल विचारावे. फ्लायव्हील आणि पहिल्या बेअरिंगच्या मध्ये तीन शिम (पातळ चकत्या) घालून ही मागे-पुढे होणारी हालचाल ०.०७ ते ०.१३ मिमी ठेवायची असते. आमच्याकडे ग्राहकाला बोलावून डायल गेज लावतात आणि फ्लायव्हील पुढे-मागे ढकलून काटा दाखवतात. दोन मिनिटांचे काम आहे. फ्लायव्हीलच्या मधल्या नटाला ३० किलोग्रॅम-मीटरचा टॉर्क लागतो आणि त्यासाठी लांब हँडल लागते. याउलट हेडच्या १० मिमी स्टडांच्या नटांना ३.२ आणि ८ मिमीच्या नटांना २.५ किलोग्रॅम-मीटर एवढाच टॉर्क पुरतो. ताकदवान मिस्त्री येथे ‘अजून थोडं’ म्हणत पाना ओढतो आणि मॅग्नेशियममधले आटे बाहेर येतात. टॉर्क रेंच नसलेल्या माणसाकडे हे इंजिन देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट तिसऱ्या सिलिंडरची. गाडीच्या डाव्या बाजूचा पुढचा सिलिंडर तो. जुन्या इंजिनांत ऑइल कूलर पंख्याच्या आवरणातच, या सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेत उभा असे, म्हणून हा सिलिंडर सर्वांत जास्त तापतो. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर स्वतंत्र कप्प्यात हलवला गेला. केस उघडल्यावर जाणता माणूस प्रथम तिसऱ्या सिलिंडरच्या मागची भिंत आणि हेडमधील दोन सीटांच्या मधला भाग तड्यांसाठी तपासतो. आपल्या कारागिराने तसे केले का, हे विचारले की त्याची तयारी लगेच कळते.

इंजिनाभोवतीचे पत्रे, रबरी सील, थर्मोस्टॅट आणि हवेच्या झडपा हा या इंजिनाचा रेडिएटरच समजावा. आपल्याकडे उष्ण हवामानाच्या नावाखाली यातले बरेच काही काढून फेकले गेले आहे, आणि नंतर इंजिन तापते म्हणून इंजिनालाच दोष दिला जातो. ‘एवढे पत्रे कशाला’ म्हणणाऱ्याकडे अंतर्गत काम कितीही चांगले झाले तरी एप्रिलमध्ये खंबाटकी घाट त्याचा हिशेब मागतो.

संदर्भ विचारताना गेल्या महिन्यात इंजिन करून घेतलेल्या मालकाचा अभिप्राय फारसा धरू नये. नवे इंजिन सर्वांचेच गोड वाजते. ज्याच्या इंजिनाने त्या कारागिराच्या हातून निघाल्यावर दोन उन्हाळे काढले आहेत, असा मालक गाठावा. जुन्या गाड्यांच्या रॅलीत असे लोक भेटतात आणि मोकळेपणाने बोलतात.

कागदपत्रे

इंजिन क्रमांक केसवर जनरेटरच्या स्टँडखाली कोरलेला असतो आणि तोच आरसी बुकात असतो. केस घासताना किंवा पृष्ठभाग कापताना त्याला धक्का लागू नये, हे कामाच्या चिठ्ठीवर लिहून घ्यावे. केस बदलावीच लागली तर आरटीओकडे नोंद करणे आवश्यक आहे. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीची वेगळी तरतूद केली. तीत गाडी मूळ स्वरूपात असणे अपेक्षित आहे, आणि इंजिनातील फेरफारही त्यात पाहिले जातात. कोणी जास्त ताकदीसाठी मोठे फेरबदल सुचवत असेल, तर ही बाब आधी लक्षात घ्यावी.

बिलासोबत मोजमापांचा तक्ता मागावा: घरांचे व्यास, जर्नलची मापे, एंड प्ले, पिस्टनची फट. काढलेले सर्व जुने भाग पिशवीत परत घ्यावेत. हा आपला हक्क आहे आणि प्रामाणिक कारागिराला त्यात अपमान वाटत नाही.

गाडी घरी नेल्यावर

पेट्रोलमध्ये आता इथेनॉलचे प्रमाण वाढल्यामुळे जुने रबरी पाइप आम्ही प्रत्येक इंजिनासोबत बदलतो. पंखा आणि जनरेटर एकाच पट्ट्यावर चालतात. जनरेटरचा लाल दिवा लागला की पट्टा तुटला असे धरून गाडी लगेच उभी करावी, कारण त्या क्षणी इंजिनाला हवा मिळणे बंद झालेले असते.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर गाडी आमच्याकडे आणावी. या इंजिनाला मूळचा कागदी फिल्टर नसून तळाशी केवळ एक जाळी असते, म्हणून २.५ लिटर तेल बदलताना आम्ही ती जाळी आपल्यासमोर काढून पांढऱ्या फडक्यावर झटकतो. टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट ०.१५ मिमी ठेवायची असते, आणि ती इंजिन पूर्ण गार असतानाच तपासता येते. म्हणून कृपया गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवावी आणि आपण सकाळी, इंजिन सुरू होण्यापूर्वी, यावे.