बालवाचन चळवळ, नागपूर

शाळकरी व किशोरवयीन मुलांना क्रमिक पुस्तकांपलीकडे वाचण्याची सवय लागावी, यासाठी नागपूर शहरात वेळोवेळी झालेल्या प्रयत्नांना स्थूलमानाने हे नाव देता येते. एखाद्या संस्थेने आखलेली, घटना आणि पदाधिकारी असलेली अशी ही चळवळ नाही. नियतकालिके, वाचनालये, शाळा, मठ आणि पुस्तकविक्रेते यांनी आपापल्या कारणांसाठी केलेल्या कामातून ती घडत गेली. त्यामुळे तिचा आरंभ कोठे धरावा, याविषयी एकवाक्यता नाही.

एक मत हा आरंभ मिशनरी शिक्षणापर्यंत मागे नेते. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले. मिशनच्या शाळेमुळे छापील पुस्तक येथील मुलांच्या हाती प्रथमच पडू लागले असावे, असे या मताचे म्हणणे. परंतु ही पुस्तके मुख्यतः धर्मशिक्षणासाठी व पाठांतरासाठी होती. आपणहून पुस्तक उचलून वाचणे ही गोष्ट त्यांच्याशी जोडणे ओढूनताणून वाटते.

दुसरे मत सार्वजनिक वाचनालयांना श्रेय देते. महाराष्ट्रात रत्नागिरी (१८२८), नाशिक (१८४०), पुणे (१८४८) येथील वाचनालये कंपनी सरकारच्या अमदानीत, बहुधा इंग्रज अधिकाऱ्यांच्या प्रोत्साहनाने निघाली. नागपूर १८५४ पर्यंत भोसल्यांचे संस्थान होते. तेथे अशा संस्थांना उशीर झाला, याचे कारण प्रामुख्याने हेच दिसते. खालसा झाल्यावरही शाळा, कचेऱ्या आणि महाविद्यालये उभी राहून वाचणारा नोकरदार वर्ग तयार होण्यास एक पिढी जावी लागली. मॉरिस महाविद्यालय १८८५ चे. वाचनालयांची खरी हालचाल त्याच्या आगेमागे सुरू झाली, असे मानण्यास हरकत नाही. राजाराम सीताराम दीक्षित वाचनालय हे शहरातील जुन्या व नावाजलेल्या वाचनालयांपैकी एक. मात्र त्या काळचे वाचनालय म्हणजे वर्तमानपत्रांचे टेबल, वकील-मास्तरांची बैठक आणि वर्गणीदारांसाठी कुलूपबंद कपाटे. मुलगा तेथे जाई तो वडिलांचे पुस्तक बदलून आणण्यासाठी.

तिसरे मत बालनियतकालिकांचे आहे आणि पुरावा पाहता तेच अधिक ग्राह्य वाटते. मराठीत विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ (१८८१) आणि वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ (१९०६) ही मासिके मुंबई-पुण्याकडची. नागपुरात १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘मुलांचे मासिक’ निघाले व ते दीर्घकाळ चालले. याच दशकात, १९२३ मध्ये, नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. विदर्भ साहित्य संघाची स्थापनाही त्याच वर्षी अमरावतीस झाली आणि त्याचे कार्यालय पुढे नागपुरास आले. या दोन्ही संस्थांचे लक्ष स्वाभाविकपणे प्रौढ साहित्याकडे व उच्च शिक्षणाकडे होते. मासिकाचे तसे नव्हते. ते मुलाच्या नावाने टपालाने घरी येई. ज्या घरात मुलाच्या नावे दुसरे काहीच येत नसे, तेथे या गोष्टीचे महत्त्व मोठे होते. शिवाय एक अंक शेजारपाजारच्या चार घरांतून फिरे. वाचनालयाच्या उंबरठ्यावर अडलेला वाचक मासिकाने घरात गाठला, असे म्हणता येईल. स्वातंत्र्यानंतर ‘चांदोबा’ (मराठी, १९५२) आणि बालभारतीचे ‘किशोर’ (१९७१) यांनी हीच वाट रुंद केली. नागपुरात त्यांच्या जोडीला हिंदी मासिकेही तितक्याच सहजपणे वाचली जात. १९५६ पर्यंत मध्य प्रांत व पुढे मध्य प्रदेशाची राजधानी राहिलेल्या शहरात दोन्ही भाषा गल्लीतच कानावर पडत. ‘नंदन’ किंवा ‘पराग’ वाचणाऱ्या मराठी मुलाचे येथे कोणाला नवल वाटत नसे. बालवाचनाचा इतिहास केवळ मराठी अंकांवरून मांडला, तर नागपूरपुरता तो अपुरा पडतो.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मुळे वाचनालयांच्या व्यवहाराला शासकीय चौकट मिळाली. मान्यताप्राप्त ग्रंथालयांचे अ, ब, क व ड असे वर्ग पडतात आणि अनुदान वर्गानुसार मिळते. वर्ग ठरतो तो ग्रंथसंख्या, नियतकालिकांची संख्या, उघडे राहण्याचे तास, सेवकवर्ग अशा बाबींवरून. वरच्या वर्गातील ग्रंथालयाकडून स्वतंत्र बालविभागाचीही अपेक्षा असते. व्यवहारात बालविभाग म्हणजे पुष्कळदा एक कपाट व दोन ठेंगणी बाके. अनुदानाचा मेळ ग्रंथसंख्येशी असल्याने पातळ, स्वस्त पुस्तके एकगठ्ठा घेऊन दाखलनोंद वही (आलेल्या पुस्तकांची नोंदवही) भरण्याकडे कल होतो आणि या खरेदीचा भार नेमका बालविभागावर येतो. दुसरी अडचण अनामत रकमेची. ती पालकाच्या नावे असते. पुस्तक फाटले वा हरवले तर भरपाई त्याच्या खिशातून जाते. म्हणून पालक मुलाला पुस्तक घरी नेऊ देण्यास नाखूश आणि ग्रंथपाल नवे पुस्तक कपाटाबाहेर काढण्यास नाखूश. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, असे एक सूत्र आहे. मुलांच्या बाबतीत ते मुक्तद्वार पद्धतीशिवाय, म्हणजे वाचकाला स्वतः कपाटापर्यंत जाऊ दिल्याशिवाय, साधत नाही, कारण मूल पुस्तक मागत नाही. ते चित्र पाहून, चाळून निवडते. देवघेवीच्या खिडकीतून चिठ्ठीवर नाव लिहून मागायला लावले की बहुतेक मुले शेवटी काय ‘सुचवले’ जाईल ते मुकाट्याने नेतात. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) प्रत्येक शाळेत गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय अनिवार्य केले आहे. ग्रंथपालाचे पद मात्र पटसंख्येवर ठरते, त्यामुळे लहान शाळांत कपाटाची किल्ली एखाद्या वर्गशिक्षकाकडे असते.

नागपूरच्या वाचनव्यवहारातील सर्वांत मोठी घटना ग्रंथालयशास्त्राच्या पुस्तकांत क्वचितच आढळते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीस, दीक्षाभूमीवर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला येथे लाखो लोक येतात आणि परिसरातील रस्त्यांच्या दुतर्फा पुस्तकांची दुकाने लागतात. मांडव असतात, हातगाड्या असतात, नुसती ताडपत्री अंथरून मांडलेले ढीगही असतात. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर : लेखन आणि भाषणे’ या शासकीय खंडांसाठी रांगा लागतात. शेजारीच बुद्धाच्या गोष्टी, फुले-शाहू-आंबेडकरांची सचित्र बालचरित्रे आणि खिशात मावतील अशा पुस्तिका असतात. खेड्यातून रेल्वेने वा ट्रकने आलेले, एरवी पुस्तकाच्या दुकानाची पायरी न चढणारे कुटुंब परतताना पिशवीत पुस्तके घेऊन जाते. ती कोणती हे ठरवण्यात शाळेत जाणाऱ्या पोराचा शब्द पुष्कळदा चालतो, कारण घरी ती मोठ्याने वाचून दाखवायची असतात त्यानेच. पहिल्या पिढीच्या वाचकांपर्यंत पोहोचण्यात या दोन-तीन दिवसांचा वाटा शहरातील सर्व बालविभागांच्या वर्षभराच्या देवघेवीपेक्षा कमी नसावा. राज्य शासन २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा करते. १४ आणि १५ ऑक्टोबर या दोन तारखा लागून आल्या आहेत. शाळांतील कार्यक्रमांत हा धागा अभावानेच पकडला जातो.

धंतोलीच्या रामकृष्ण मठाने (स्थापना १९२८) ग्रंथालय आणि अल्पमोली मराठी प्रकाशने यांद्वारे मध्यमवर्गीय विद्यार्थ्यांत वाचक मिळवले. त्याचे स्वरूप चरित्रात्मक व बोधपर राहिले.

नागपूरच्या हवामानाचाही येथे संबंध पोहोचतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. दुपारी अकरा ते पाच मुलांना घराबाहेर पडू देत नाहीत. कूलरसमोर अंथरलेल्या सतरंजीवर जुने अंक, भावंडांची पुस्तके, दिवाळी अंकांतील मुलांची पाने असे मिळेल ते वाचले जाई. सार्वजनिक वाचनालये नेमकी याच वेळात बंद असत, कारण त्यांच्या वेळा नोकरदारांसाठी सकाळ-संध्याकाळच्या ठरलेल्या. सुट्टीतील बालवाचक शिबिरेही बहुधा सकाळीच आटोपतात.

गेल्या काही दशकांत वाचनालयांची जागा अभ्यासिकांनी व्यापली. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली स्वतःची पुस्तके घेऊन येतात, दिवसभर बसतात आणि कपाटाकडे फिरकतही नाहीत. उपस्थितीच्या नोंदीत ते वाचकच ठरतात. म्हणून किशोरवयीन वाचन वाढले, असा निष्कर्ष या नोंदींवरून काढताना सावध राहिलेले बरे. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत आणि स्टोरीवीव्हर या ऑनलाइन मंचावर मराठी चित्रगोष्टी उपलब्ध आहेत. घरातील एकच मोबाइल संध्याकाळी वडिलांबरोबर परत येतो, त्या घरांत ही वाचनसामग्री मुख्यतः शाळेच्या फळ्यावर किंवा शिक्षकाच्या फोनवरूनच पोहोचते.