चरित्रलेखन, समलिंगी व पारलिंगी व्यक्तींचे

समलिंगी, उभयलिंगी (स्त्री व पुरुष दोहोंकडे आकर्षण असलेल्या), पारलिंगी (जन्मतः नोंदलेल्या लिंगाहून वेगळी लिंगओळख असलेल्या) व तृतीयपंथी व्यक्तींची चरित्रे, आत्मकथने आणि शब्दांकित जीवनकथा, तसेच या समूहांतील लेखकांनी लिहिलेली इतरांची चरित्रे यांचा अंतर्भाव या प्रकारात होतो. चरित्राची सर्वसाधारण लक्षणे येथेही लागू पडतात. वेगळेपण आहे ते साधनांचे. ज्या नात्यांची नोंद घराण्याने ठेवली नाही, किंवा ठेवलेली पत्रे नंतर नष्ट केली, ती नाती पुराव्यानिशी कशी मांडावीत, हा या लेखनाचा मूळ प्रश्न होय.

मराठीत या प्रकाराचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) हे नाटक आणि सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) ही कादंबरी यांचा उल्लेख या संदर्भात वारंवार येतो. मात्र दोन्ही ललितकृती असल्याने त्यांना पूर्वपीठिका म्हणणेच योग्य. पुण्यात २००२ साली समलिंगी व पारलिंगी व्यक्तींसाठी काम करणारा समपथिक ट्रस्ट स्थापन करणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांच्या लेखनाने या विषयाला मराठीत शब्दसंपदा मिळाली. ग्रंथरूपातील आरंभ म्हणून बहुधा तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ (२०१२) या पुस्तकाकडे बोट दाखवले जाते. त्याचे शब्दांकन वैशाली रोडे यांनी केले असल्यामुळे ते आत्मचरित्र मानावे की चरित्र, हा वाद निघतो. सांगणारी व्यक्ती एक आणि लेखणी दुसऱ्याच्या हाती, अशा ग्रंथांना ‘आत्मकथन’ म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते.

शब्दांकन ही मराठीला नवी गोष्ट नाही. मराठीतील आद्य चरित्र मानले जाणारे ‘लीळाचरित्र’ मुळात ऐकून लिहिलेले आहे. म्हाइंभटाने चक्रधरांच्या लीळा त्यांच्या सहवासात राहिलेल्यांकडून गोळा केल्या. रचनाकाळ इ. स. १२७८ च्या सुमाराचा धरतात. काही अभ्यासक तो आणखी थोडा अलीकडे आणतात. मूळ प्रत परचक्रात नाहीशी झाली आणि ग्रंथ स्मरणातून पुन्हा उभा करावा लागला, अशी महानुभाव परंपरा आहे. त्यामुळे हिराइसा या महानुभाव स्त्रीच्या पाठासारखे अनेक पाठ तयार झाले आणि पुढील संपादकांना ते जुळवावे लागले. एकाच प्रसंगाच्या दोन साक्षी जुळत नसतील, तर दोन्ही ठेवाव्यात, ही या परंपरेची देणगी आहे. पारलिंगी व्यक्तीचे आयुष्य आई एक सांगते, हिजडा समाजातील गुरू दुसरे सांगतो, ती स्वतः तिसरे सांगते. तिन्हींचे एकच गुळगुळीत कथानक करणारा शब्दांकनकार साधनाचाच नाश करतो.

तांत्रिकदृष्ट्या सर्वांत बिकट प्रश्न क्रियापदाच्या लिंगाचा. मराठीत ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ यांतून बोलणाऱ्याचे लिंग उघड होते. मुलगा म्हणून वाढवल्या गेलेल्या स्त्रीच्या बालपणाचे प्रकरण कोणत्या रूपात लिहावे, हे पहिल्याच वाक्यात ठरवावे लागते. भाषेत काही आडवाटा आहेत. ‘मी पत्र लिहिले’ या कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माच्या मागे जाते आणि कर्त्याचे लिंग झाकलेले राहते. ‘मी लिहीत असे’, ‘मी येईन’, ‘आम्ही गेलो’ यांतही ते कळत नाही. कसलेला लेखक बालपणाचा भाग अशा रूपांवर पेलू शकतो. पण पानामागून पान असे चालले की कृत्रिमपणा येतो. तृतीय पुरुषात तर ‘तो’, ‘ती’ यांतून सुटका नाही. आदरार्थी ‘ते आले’, ‘त्या आल्या’ यांतही भेद उरतोच. बोलीचीही दखल घ्यावी लागते: कोल्हापूर भागात स्त्रिया सहज ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात, अशा बोलीच्या ध्वनिमुद्रणातून केवळ क्रियापदावरून ओळख ठरवणे चुकीचे ठरेल. व्यक्ती सांगतेवेळी स्वतःसाठी जे रूप वापरते तेच बालपणापर्यंत मागे न्यावे, आणि तिनेच मध्ये रूप बदलले तर तो बदल तसाच राहू द्यावा, हा मार्ग सर्वांत प्रामाणिक दिसतो.

इंग्रजीतील उदाहरणांपैकी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांचे मराठी वाचकाला जवळचे. ते १९२१ मध्ये देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार (तिसरे) यांचे खासगी चिटणीस होते. त्या काळावरील ‘द हिल ऑफ देवी’ (१९५३) या पुस्तकात महाराजांचे अत्यंत जिव्हाळ्याचे व्यक्तिचित्र आहे. मात्र राजवाड्यातील एका न्हाव्याशी असलेल्या स्वतःच्या संबंधांची हकिगत त्यांनी वेगळी लिहून ठेवली आणि ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९८३ मध्ये छापली गेली. आपले समलिंगी स्नेही गोल्ड्सवर्दी लोझ डिकिन्सन यांच्या चरित्रातही (१९३४) त्यांनी ही बाजू वगळली. हे मौन कायद्याच्या धाकाचे होते. इंग्लंडमध्ये १९६७ साली कायदा शिथिल झाला आणि त्याच सुमारास, १९६७–६८ मध्ये, मायकेल हॉलरॉइड यांचे समलिंगी इंग्रज लेखक लिटन स्ट्रेची यांच्यावरील द्विखंडात्मक चरित्र ही बाजू उघडपणे मांडू शकले.

भारतात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे दंडसंहितेचे कलम ३७७ दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये सौम्य केले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पूर्ववत केले आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द ठरवले. आता अडचण अटकेपेक्षा संमतीची: चरित्रनायकाने स्वतःविषयी सांगितले, तरी त्याच्या जोडीदाराचे नाव छापण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. जुन्या काळासाठी दप्तरे उपयोगी पडतात. मराठेशाहीत हिजड्यांना भिक्षेचे हक्क सनदांनी मिळालेले होते व ते इंग्रजी अमदानीत, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, काढून घेतले गेले. या कागदांत हक्क सापडतो, माणूस क्वचितच.

एखाद्या प्रदेशाचे उदाहरण घ्यायचे तर नाशिक परिसराला जीवनकथनाची भक्कम परंपरा आहे. लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म जवळच्या जलालपूरचा आणि मृत्यू नाशिकचा (१९३६); त्यांची ‘स्मृतिचित्रे’ मराठी आत्मकथनाचा मानदंड मानली जातात. विहितगावचे बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथासंग्रहातील शीर्षककथेत ओळख लपवून जगण्याचा जो ताण येतो, तो समलिंगी आत्मकथनांच्या अभ्यासकाने अवश्य वाचावा.

नाशिक–त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाचाही येथे संबंध पोहोचतो. २०१६ च्या उज्जैन सिंहस्थापासून तृतीयपंथी साधूंचा किन्नर आखाडा कुंभपर्वांत दिसू लागला. संन्याशाचे पूर्वाश्रमीचे नाव न विचारण्याचा आखाड्यांचा संकेत आणि पारलिंगी व्यक्तीचे जुने नाव न छापण्याचा आजचा आग्रह यांत मोठे साम्य आहे. चरित्रकाराने दोहोंना सारखाच मान द्यायला हवा. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या (स्थापना १८४०) जुन्या ग्रंथालयांत शोध घेताना एक दक्षता घ्यावी: ग्रंथांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई वर्गीकरणात चरित्रे ९२० खाली येतात, तर लैंगिक अभिमुखतेविषयीचे ग्रंथ ३०६.७६ खाली. त्यामुळे एखादे आत्मकथन चरित्रांच्या कपाटात नसून समाजशास्त्राच्या कपाटात असू शकते.