एकच पाय सुजला तर

गणपतीच्या आदल्या दिवशी माझा चुलतभाऊ बोरिवलीहून मालवणला पोचला तो १७ तासांनी. बस महामार्गावर कुठे कुठे अडकली त्याचा पाढा वाचून झाला, चहा झाला, आणि मग म्हणाला, डावी पोटरी आखडल्यासारखी वाटतेय. काकू खोबरेलाची वाटी घेऊन आलीच. "वायच तेल लावन चोळ, बरां वाटात." चोळलं. दुसऱ्या दिवशी निर्गुडीच्या पाल्याने शेकलंही.

तिसऱ्या दिवशी आरतीला तो सगळा भार उजव्या पायावर टाकून उभा होता. माजघरात बसवून दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा डोळे उघडले. डाव्या घोट्याचं हाड सुजेत बुडालेलं, कातडी ताणून चकाकणारी, हाताला गरम. शिलाई मशीनच्या खणातून टेप काढली आणि गुडघ्याखाली हाडाचा जो उंचवटा लागतो, त्याच्या १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोजल्या. उजवी ३५, डावी ३९.

डॉक्टर नेमकं हेच मोजतात. दोन पोटऱ्यांत ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल, तर खोल शिरेत गुठळी असल्याचा, म्हणजे डीव्हीटीचा, संशय बळावतो. त्यात या गृहस्थांच्या पायाचं प्लास्टर दोनच आठवड्यांपूर्वी निघालं होतं. ते त्याने आम्हाला सांगितलंच नव्हतं.

आपल्याकडे सुजलेला पाय म्हटलं की आधी हत्तीरोग आठवतो. पण तो महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं वाढत जातो. जखमेतून जंतू शिरून पाय सुजला तर बहुधा ताप असतो, लाली पसरत जाते. दोन्ही पाय सारखेच सुजले, तर हृदय, मूत्रपिंड किंवा ब्लड प्रेशरच्या एखाद्या गोळीकडे आधी बघावं लागतं. एकच पाय, दोन-चार दिवसांत, पोटरीत दुखणं घेऊन सुजला तर गुठळीची शंका घ्यायची. अर्थात काही गुठळ्या अशा लबाड असतात की पाय दिसायला अगदी धडधाकट असतो.

पायातलं रक्त वर चढवायचं काम पोटरी करते. चालताना तिचा स्नायू आवळतो, आतल्या खोल शिरा पिळल्या जातात, रक्त वर सरकतं आणि शिरांमधल्या झडपा ते खाली परतू देत नाहीत. माणूस बसून राहिला की हा पंप बंद. मग व्हाळाच्या वळणावर गाळ बसावा तसं रक्त झडपांमागच्या खळग्यांत रेंगाळतं, आणि गुठळी बऱ्याचदा तिथेच धरते. फुप्फुसात सापडणारी गुठळी पायातून वाहत आलेली असू शकते, हे रुडॉल्फ फिर्खो या जर्मन वैद्याने १९व्या शतकाच्या मध्याला दाखवून दिलं. मंदावलेला प्रवाह, शिरेच्या भिंतीला इजा आणि गोठायला उतावीळ झालेलं रक्त, हे त्रिकूट आजही त्याच्या नावाने ओळखतात. १९४० साली लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा लोक आसऱ्याच्या जागी रात्र रात्र कापडी आरामखुर्च्यांत बसून काढत. त्यातले काही अचानक दगावले, बॉम्बने नव्हे, फुप्फुसातल्या गुठळीने. कीथ सिम्पसन या डॉक्टरांनी त्याची नोंद केली. खुर्चीची पुढची दांडी मांडीखाली रुतायची. आपल्या लाल डब्यात बसलेल्याला हे वेगळं समजवायला नको.

तरी प्रवासाचा बाऊ करू नये. ४ तासांहून जास्त बसून प्रवास केला, मग तो विमानाचा असो की बसचा, तर धोका साधारण दुप्पट होतो. पण मुळात तो फार थोडा असतो. ऑपरेशन, प्लास्टर, कॅन्सर, आधी कधी झालेली गुठळी, गर्भनिरोधक गोळ्या यांची जोड मिळाली की गणित बदलतं. बाळंतिणीचं तर विशेष. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे जोखमीचे, आणि नेमकं तेव्हाच आपण तिला खोलीत निजवून ठेवतो. गरोदरपणात गुठळी बहुतेक वेळा डाव्या पायात होते, कारण ओटीपोटात डाव्या पायाच्या शिरेवरून उजव्या पायाची धमनी आडवी जाते आणि तिला दाबते.

चोळणं मात्र अजिबात नको. ताजी गुठळी भुसभुशीत असते. तुकडा सुटला तर हृदयातून थेट फुप्फुसात. एकाएकी धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली, थुंकीतून रक्त पडलं किंवा चक्कर येऊन माणूस कोसळला, तर तपासण्यांच्या नादी न लागता १०८ ला फोन करायचा.

आम्ही कुडाळ गाठलं. सोनोग्राफीच्या पडद्यावर डॉक्टरांनी दाखवलं: दोन काळे गोल, एक धमनी, एक शीर. वरून दाबलं की धमनी गोलच राहते, निरोगी शीर मात्र डोळा मिटावा तशी मिटते. उजव्या पायाची मिटली. डाव्या गुडघ्यामागची काही केल्या मिटेना. संशय कमी असेल तेव्हा आधी डी-डायमर ही रक्ताची तपासणी करतात. ती नॉर्मल आली तर सुटलो. वाढलेली आली तर काहीच सिद्ध होत नाही, कारण ती ताप, गरोदरपण, ऑपरेशन अशा कशानेही वाढते.

त्याच संध्याकाळी रिव्हारॉक्साबॅनची गोळी सुरू झाली. पहिले तीन आठवडे दिवसातून दोनदा, मग एकदा. काकूचा प्रश्न होता, गोळीने गाठ विरघळणार कधी? ती गोळीने विरघळत नाही. गोळी फक्त गुठळीला वाढू देत नाही. आहे ती शरीर स्वतःच हळूहळू झिजवतं. म्हणून सूज उतरली तरी निदान ३ महिने औषध चालूच. गरोदर बाईला या गोळ्या चालत नाहीत, तिला हेपॅरिनची इंजेक्शनं देतात, कारण ते वारेतून बाळापर्यंत पोचत नाही.

जुनं औषध वॉरफरिन. कुजलेलं गवत खाऊन अमेरिकेतली गुरं रक्तस्रावाने मरत, त्या शोधातून ते जन्मलं, १९४८ मध्ये उंदीर मारायला आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झालं. त्यावर असलेल्याने आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा, बहुधा २ ते ३ मध्ये ठेवायचा. श्रावणात टाकळा, माठ, शेवग्याचा पाला एकदम ताटात वाढला तर त्यातल्या के जीवनसत्त्वाने औषधाचा जोर कमी होतो. पालेभाजी सोडायची नाही, प्रमाण सारखं ठेवायचं. आणि औषध कुठलंही असो, गुडघा दुखला म्हणून दुकानातून परस्पर पेनकिलर आणायची नाही. पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

रक्त न गोठण्याचा अनुभव कोकणाला फुरसं या विषारी सापाने दिलेलाच आहे. ते चावलं की काचेच्या नळीतलं रक्त २० मिनिटांनीही पातळच राहतं. गंमत म्हणजे कारण नसताना वारंवार गुठळ्या होणाऱ्यांच्या एका तपासणीत फुरशाच्या भावकीतल्या घोणशीचं विष वापरतात.

पूर्वी अशा रुग्णाला पलंगावरून उठू देत नसत. आता औषध सुरू झालं की बहुतेकांना चालायला सांगतात. भावाच्या गोळ्या ३ महिन्यांनी थांबल्या, कारण त्याच्या गुठळीला प्लास्टरचं निमित्त होतं. निमित्त सापडलं नाही तर औषध लांबतं. पण गुठळीने शिरेतल्या झडपा दुखावल्या त्या दुखावल्याच. संध्याकाळी त्याचा डावा पाय अजून जड होतो, टेप ३६ दाखवते.

पुढच्या गणपतीला तो रेल्वेने आला. कुडाळला उतरल्या उतरल्या सांगत होता, चिपळूण ते कणकवली डब्यात इतक्या येरझाऱ्या घातल्या की टीसीने दोनदा तिकीट विचारलं.