तोरणमाळचा घाट आणि कानाचे पडदे

शहाद्याहून तोरणमाळचा घाट चढताना कानांना दडे बसतात, शेजारच्याचे बोलणेही लांबून आल्यासारखे वाटते आणि एखादा आवंढा गिळताच ‘टक्’ होऊन कान मोकळे होतात. उंचीबरोबर बाहेरच्या हवेचा दाब घटतो, पण पडद्यामागच्या पोकळीत मात्र खालच्या सपाटीवरचाच दाब कोंडलेला असतो. त्यामुळे पडदा बाहेर फुगतो आणि नीट कंप पावत नाही. ही पोकळी घशाशी जोडणारी सुमारे साडेतीन सेंटीमीटर लांबीची नळी एरवी मिटलेली असते व गिळताना किंवा जांभई देताना क्षणभर उघडते. सोळाव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ युस्टाची यांचे नाव तिला मिळाले आहे.

पडदा म्हणजे कर्णपटल जेमतेम एक सेंटीमीटर रुंद आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका जाड, तरीही तीन थरांचा असतो: बाहेर त्वचा, आत ओलसर अस्तर आणि मध्ये तंतूंची वीण. ढोलाच्या कातड्यासारखा तो सपाट नसतो. ‘हातोडी’ या हाडाचा दांडा त्याला चिकटलेला असल्याने मध्यभागी तो आत ओढलेला असतो. मला सर्वांत विलक्षण वाटते ती त्याची बाहेरची त्वचा. ती मध्यापासून कडेकडे आणि तेथून कानाच्या तोंडाकडे अतिशय मंद गतीने सरकत राहते व मळ आपोआप बाहेर आणते. आपल्याकडे घरोघरी कान कोरायला घेतली जाणारी आगकाडी तोच मळ पुन्हा आत लोटते, कधी पडदाही फाडते. ती सवय सोडायलाच हवी.

पडद्याचे कंप हातोडी, ऐरण आणि जेमतेम तीन मिलिमीटरची रिकीब ही हाडे पुढे नेतात. हवेतला ध्वनी आतल्या कानातल्या द्रवावर थेट आदळला तर बहुतांश परत फिरतो. म्हणून मोठ्या पडद्यावरचा जोर रिकिबीखालच्या चिमुकल्या अंडाकृती खिडकीवर एकवटतो आणि दाब वीसपटीच्या आसपास वाढतो. पलीकडचा द्रव दाबला जात नाही. रिकीब आत सरकली की गोल खिडकीवरचे दुसरे पातळ पटल बाहेर फुगते, म्हणूनच तो द्रव हलू शकतो.

त्या द्रवात, शंखासारख्या वेटोळ्यात, सुमारे 35 मिलिमीटर लांबीचे आधारपटल असते. ते खिडकीजवळ अरुंद व ताठ, तर टोकाशी रुंद व सैल असते. त्यावरून लाट कशी धावते हे दाखवणारे गेओर्ग फोन बेकेशी यांना 1961 मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला. सातपुड्यातल्या होळीत नाचणाऱ्यांच्या कमरेच्या घुंगरांची किणकिण या पटलाचा खिडकीजवळचा भाग सर्वाधिक हलवते, तर मोठ्या ढोलाचा घुमारा थेट आतल्या टोकाकडे पोहोचतो.