तीन सुळके, तीन खिंडी आणि एक खळगा

विद्युत क्षेत्र, म्हणजे आसपासच्या प्रभारांमुळे एकक धन प्रभारावर पडणारं बळ, शून्य असलेली जागा म्हणजे उदासीन बिंदू. नाव असं मरगळलेलं, की तिथे बघण्यासारखं काही असेल असं वाटतच नाही.

दोन सारखे धन प्रभार ३० सेंमी अंतरावर ठेवा. बरोबर मधोमध ठेवलेल्या धन कणावर दोघांचे धक्के एकमेकांना खोडून काढतात. एक प्रभार चौपट केला, तर हा बिंदू धाकट्याकडे सरकतो: थोरल्यापासून २०, धाकट्यापासून १० सेंमी. अंतर दुप्पट की क्षेत्र पाव, एवढाच हिशोब. आता धाकट्याला ऋण करा. मधल्या पट्ट्यात शोधून उपयोग नाही. तिथे एक ढकलतो, दुसरा ओढतो आणि दोन्ही बळं एकाच दिशेला. बिंदू सापडतो धाकट्याच्या पलीकडे, ३० सेंमीवर.

विभवाचा, म्हणजे एकक धन प्रभाराच्या त्या त्या जागच्या स्थितिज ऊर्जेचा, नकाशा डोळ्यांपुढे आणला की हे जास्त उलगडतं. धन प्रभार म्हणजे सुळका, आणि दोन सुळक्यांमधला उदासीन बिंदू म्हणजे खिंड. पायाखाली सपाट, दोन्ही हातांना चढ, पुढे-मागे उतार. विभव मात्र तिथे शून्य नसतो. खिंडीलाही समुद्रसपाटीपासून उंची असतेच की! परीक्षेत हमखास गफलत होते ती इथे.

आता ३० सेंमी बाजूच्या समभुज त्रिकोणाच्या टोकांवर तीन सारखे धन प्रभार ठेवा. उदासीन बिंदू किती? केंद्रातला एक, असं पटकन तोंडात येतं. असतात चार. केंद्रापासून जरा सरकलेल्या धन कणाला त्रिकोणाच्या पातळीत परत आत ढकललं जातं. बाजूच्या मध्यावर मात्र जवळचे दोघे एकमेकांना खोडतात आणि समोरचा तिसरा कणाला बाहेर लोटतो. म्हणजे वाटेत कुठेतरी बळाची दिशा पालटते. तिथेच शून्य, केंद्रापासून सुमारे ५ सेंमीवर. अशा तीन दिशांना तीन खिंडी, मधे खळगा.

मग खळग्यात कण अडकून बसेल? नाही. कागदाच्या किंचित वर उचलला, की तिघेही त्याला आणखी वर ढकलतात. नुसत्या स्थिर प्रभारांच्या क्षेत्रात प्रभारित कण कुठेच स्थिर तोलून ठेवता येत नाही, हे सॅम्युअल अर्नशॉ यांनी १८४२ साली दाखवलं. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पाऊल यांनी मात्र आयन (प्रभारित अणू) पकडले ते क्षेत्रच वेगाने उलटसुलट करत ठेवून: उतारावरून निसटण्याआधीच त्या जागी चढ उभा. १९८९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता तो याच सापळ्यासाठी.